तिसरा तुकडा

४ फेब्रुवारी, मंगळवार

पोरी,

फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. कागदाचं एक बरं असतं, मधेच कट करता येत नाही. फाडायचा तर फाड, पण फाडण्याआधी माणूस एकदा तरी वाचतंच. मी चौथी शिकलेली बाई, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसू नकोस. आणि सासूला वाचायला देऊ नकोस. ती म्हणेल, ‘किती मनमोकळं लिहितात हो तुझ्या आई!’ तिचं कौतुक मला नकोय.

जावईबापूंकडून तुझा निरोप आला. ‘आईंना फोन करून एकदा चुकलं म्हण, मग बाळंतपणाला ये.’ एवढाच. ‘आईंना’ म्हणजे तुझ्या सासूला. वाचून मला आधी कळेचना की कुणी कुणाला फोन करायचा. आई तर मीच आहे असं इतकी वर्षं धरून चालले होते.

मी काय केलं ते एकदा सरळ लिहून ठेवते, कारण तिकडे त्याला बारा फाटे फुटले असणार. तुझ्याकडे पाहुणे बसले होते. बाळासाठी शिवून घेतलेली गादी सासूनं मुद्दाम खाली पसरून दाखवायला काढली होती. तेवढ्यात तिचा तो लाडका कुत्रा, कापूस, आला. पांढराशुभ्र, विंचरलेला, गळ्यात रेशमी पट्टा. गादीवर बसला आणि पुढच्या पायांनी अंग ओढत, बूड घासत या टोकापासून त्या टोकाला गेला. पाहुणे हसले. सासू म्हणाली, “बघा, यालासुद्धा बाळाची गादी आवडली.” मी म्हटलं, “गादी नाही आवडली, बूड खाजतंय त्याचं. जंत झालेत.” कुणाला खरं वाटेना, म्हणून शेपूट वर करून दाखवलं. केसांना तांदळाच्या कण्यांसारखे दाणे चिकटलेले. त्यातला एक हलत होता. एका पाहुणीनं हातातलं बिस्किट खाली ठेवलं.

यात माझं काय चुकलं? दाणे मी चिकटवले?

तू स्वयंपाकघरात नेऊन मला म्हणालीस, “तू पहिल्याच संध्याकाळी बघितलं होतंस. तेव्हा आईंना बाजूला घेऊन का नाही सांगितलंस?” बघितलं होतं. मग? मी त्या घरात पाहुणी. गेल्या गेल्या चहाच्या आधी कुत्र्याचं शेपूट उचलायचं का?

चुकलं वगैरे मी म्हणणार नाही. तो दाणा बाळाच्या गादीवर पडला होता, हे लक्षात ठेव.

इकडची खबर हवी असेल तर काजळी आता व्यायला टेकलीय. तुझीच कुत्री. लग्न झाल्यावर ‘दोन महिन्यांत घेऊन जाते’ म्हणाली होतीस ती. अजून तुझ्या जुन्या स्वेटरवर झोपते. मी तिला खायला घालते, न्हाऊ घालते, कानात औषध टाकते, तीन-तीन महिन्यांनी वजन करून जंताची गोळी घशात ढकलते. आणि दारावर कुणी आलं की धावते ती तू आलीस म्हणून. मी लाँड्रीतून दमून आले की एक डोळा उघडून बघते, मीच आहे म्हटल्यावर मिटते. गोळी देणाऱ्या हाताला कुत्रं चाटत नाही, पोरी. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर तुलाही लहानपणी औषधं तुझ्या बापाच्याच हातून दिली असती.

पण तिच्या पोटात एक जंत सापडला तर माझं नाव बदल. हे मात्र सासूला वाचून दाखवलंस तरी चालेल.

– आई (इकडची)


२० फेब्रुवारी, गुरुवार

पोरी,

काजळी सुटली. पाच पिल्लं. चार धष्टपुष्ट आणि एक चिमटीत मावेल एवढी. तिचं नाव चिमटी. सगळी काळी आहेत, चिमटीच्या छातीवर मात्र पांढरा ठिपका आहे. बाप कोण ते काजळीला माहीत.

तू पत्राला उत्तर दिलं नाहीस. सासूनं मात्र फोटो पाठवला. तुझं पोट केवढं पुढे आलंय! तू खुर्चीत बसलेली, पाय स्टुलावर, आणि तुझी सासू खाली बसून तुझ्या पायाला तेल चोळतेय. कॅमेऱ्याकडे बघून हसतेय. पाय चोळायचे तर चोळावेत, कोण नाही म्हणतं. पण फोटो काढायला तिसरं माणूस उभं करून कुणी पाय चोळतं का? मी तुझे पाय किती चोळले, पण माझ्याकडे एकाचाही फोटो नाही. तुलाही आठवत नसेल.

हा फोटो मी आमच्या चादरवालीला दाखवला. तुला आठवते ना, माझ्याबरोबर घड्या घालते ती? हॉटेलाच्या चादरी एवढ्या लांब असतात की दोन टोकांना दोघी लागतात. ती म्हणाली, “चांगली आहे की गं विहीण तुझी. माझ्या पोरीची सासू तिला पाय ठेवू देत नाही घरात.” मी चादर अशी ओढली की तिच्या हातून टोक सुटलं. म्हणाली, “पोटात तुझ्या दुखतंय आणि राग चादरीवर काढतेस.”

आता खरी गंमत ऐक. परवा तुझ्या सासूचा मला फोन आला. मी उचलणार नव्हते, पण म्हटलं तुझंच काही असेल.

“विहीणबाई, रागावला नसाल तर एक विचारायचं होतं.”

“विचारा.”

“कापसाला डॉक्टरांनी गोळी दिलीय. तुम्ही म्हणालात तेच निघालं. पिसवांतून होतं म्हणे. पिसवांचं औषध मानेवर लावलं, ते जमलं. पण गोळी काही तो घेत नाही हो. तिसऱ्यांदा थुंकली. मुलाच्या बोटाला चावला.”

“देता कशी?”

“हातावर ठेवते आणि म्हणते, घे राजा.”

“राजा म्हटलं की राजासारखाच वागणार तो. तीन तुकडे करा. अंड्याचे करा, चीजचे करा, कशाचेही. पहिला रिकामा द्या, म्हणजे त्याला विश्वास बसतो. दुसऱ्यात गोळी. आणि दुसरा तोंडात जातो न जातो तोच तिसरा नाकासमोर धरायचा. तिसऱ्याच्या हावेनं तो दुसरा चावतच नाही, गिळतो.”

ती “अगबाई!” म्हणाली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तासाभरानं पुन्हा फोन. जमलं नाही. कापूस दिवसभर खात असतो, त्याला कशाची हाव येणार? पहिला खाल्ला, दुसऱ्यातलं चीज चाटलं, गोळी गालिच्यावर ठेवली आणि तिसऱ्याकडे पाठ केली. मी म्हटलं, “मग एकच उपाय. दुसरं कुत्रं आणून समोर बसवा. काही करायचं नाही, नुसतं त्याला बघायला लावायचं. आणि तुकडा आधी त्या दुसऱ्याच्या तोंडापाशी न्यायचा. पोट भरलेलं असलं तरी दुसऱ्याच्या तोंडी जातंय म्हटल्यावर आपलं तोंड आपोआप उघडतं. जनावर भुकेपेक्षा जळून जास्त खातं.”

शेजारच्या काकूंचा तपकिरी कुत्रा आणला म्हणे. नुसता बसवला. कापसानं गोळी गिळली आणि वर बोटं चाटली. तुझी सासू फोनवर लहान पोरीसारखी हसत होती. मागून तूही हसत होतीस. तुझा आवाज मी ऐकला. फोन तुझ्या हातात देते का म्हणून थांबले. तिनं ‘बरंय हं’ म्हणून ठेवला.

म्हणजे अक्कल माझी, हसणं तुम्हा दोघींचं.

– आई


१२ मार्च, बुधवार

पोरी,

बरी आहेस ना? पिल्लं बरी आहेत. थोडं पोट बिघडलंय त्यांचं, हवेमुळे.

हे वरचं खोडणार होते, पण खोडलं तर तू खाली काय होतं ते उजेडाला धरून बघशील. लहानपणापासून तुला ती खोड आहे. तेव्हा सरळ लिहिते. हवेमुळे नाही. जंत झालेत. पाचही पिल्लांना.

सकाळी बघते तर पोटं ढोलासारखी फुगलेली आणि पाठीचा कणा हाताला लागतोय. एकानं ओकारी काढली. त्यात सुताच्या गुंडीसारखं काहीतरी होतं. मी पायपुसण्यानं झाकून टाकलं. घरात मी एकटी, मग झाकलं कुणापासून? तुझी सासू उंबऱ्यात उभी आहे असंच वाटलं मला. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ पाहुण्यांसमोर दाखवलं होतं मी, आणि माझ्या घरात हे मुसळ.

चिमटी तर मान उचलत नव्हती. पाचही जणांना टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरणीकडे नेलं. लाँड्रीत खाडा पडला, तो वेगळाच. डॉक्टरीण तुझ्याच वयाची आहे. मी दारातूनच सुरू झाले, “माझ्या कुत्रीला मी वेळच्या वेळी गोळी देते. तिच्या पोटात काही नाही. हे बाहेरून आलंय.”

ती चिमटीचं पोट दाबत म्हणाली, “मावशी, हे आईकडूनच आलंय.”

“तिला गोळी दिलीय म्हणतेय ना मी!”

“गोळी आतड्यातले मारते. काही जंत आईच्या अंगात, मांसात झोपून राहतात. तिथं गोळी पोचत नाही. वर्षानुवर्षं गप्प असतात. कुत्री गाभण राहिली की जागे होतात आणि पोटातल्या पिल्लात जातात. उरलेले दुधातून जातात. आई स्वच्छ दिसली तरी पिल्लं दोन आठवड्यांची झाली की त्यांना औषध सुरू करायचं, आईलाही त्यांच्याबरोबर द्यायचं. मी मागच्या खेपेला सांगत होते तुम्हाला.”

सांगत होती, खरं आहे. मीच म्हटलं होतं, मला शिकवू नका, मी कुत्री पाळत आलेय.

प्रत्येकाचं वजन करून पातळ औषध पाजलं. चिमटीला सलाइन लावलं, पाठीच्या कातडीखाली टेंगूळ आलं तिच्या. आता हे दर पंधरा दिवसांनी द्यायचं. घाण पडली की लगेच उचलायची, हात धुवायचे, काजळीचं अंथरूण गरम पाण्यात काढायचं. ते मी लाँड्रीतच काढलं, शेवटच्या फेरीला, मुकादमाची पाठ वळल्यावर. तू पोटुशी आहेस म्हणून तुलाही सांगते, कापसाची घाण तू उचलू नकोस. तुझ्या सासूला उचलू दे.

घरी आल्यावर काजळीकडे बघत बसले. तिच्या गावीही नाही. पिल्लांना चाटतेय, दूध पाजतेय. तिनं जीव लावूनच पाजलं ना गं? दुधात काय जातंय ते तिला कुठं कळतंय?

माझ्या आईला माझी सासू बघवायची नाही. ‘माझी पोर पळवली’ म्हणायची, अगदी म्हातारपणापर्यंत. मी तेव्हा हसायचे. आपल्याला असलं काही नाही, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. तुला दिवस गेल्याचं तू आधी सासूला सांगितलंस आणि मग मला, तोपर्यंत खरंच काही नव्हतं. लगेच डोळ्याला पदर लावू नकोस, मी जंतांचंच सांगतेय.

आता एवढं लिहिलंच आहे तर तेही लिहिते. त्या दिवशी पाहुणे यायच्या आधी तू आतल्या खोलीतून हाक मारलीस, “आई, पाणी हवंय जरा.” आम्ही दोघींनी ‘ओ’ दिली. दोघी उठलो. मी दाराशी आधी पोचले. तू मला म्हणालीस, “तू बस गं, मी आईंना म्हटलं.” तू सहज म्हणालीस, मला ठाऊक आहे. तुझी सासू माझ्या बाजूनं भांडं घेऊन आत गेली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला तिनं. तो हातच मला खुपला. टोमणा मारला असता तर मी उलटून बोलले असते, हाताला काय उत्तर देणार? त्यानंतर अर्ध्या तासानं मी कापसाचं शेपूट उचललं.

पिल्लांचं सासूला सांगू नकोस. झाकली मूठ राहू दे.

– आई


२४ मार्च, सोमवार

पोरी,

सांगितलंस ना! तुझ्या पोटात काही म्हणून राहत नाही.

इतक्या दिवसांनी तुझा निरोप आला, तोही चार शब्दांचा. ‘चिमटी कशी आहे गं?’ माझी विचारपूस नाही. मलाही जंत झाले असते तर केली असतीस. चिमटी बरी आहे. औषधानंतर तिच्या अंगातून एवढं निघालं की तिच्यापेक्षा तेच जड असावं. आता काजळीचे कान ओढते. मी दिसले की टोपलीत लपते, कारण औषध मीच पाजते. आईवर गेलीय.

आणि काल तुझ्या सासूचा फोन. मला वाटलं, आता ही माझं शेपूट उचलणार. मी तयारीत होते. पण तिनं पिल्लांचं एवढंच विचारलं, “चिमटी दूध पिते ना?” आणि मग जी सुरू झाली ती ऐक. आवाज इतका गोड की मुंग्या लागाव्यात.

“विहीणबाई, तुम्ही आता येऊ नका हं. पिल्लं टाकून कुठं येता? इकडे सगळं झालंय माझं. शेजारच्या काकू येऊन राहणारेत मदतीला. त्यांना फार हौस. बाळाला अंघोळ त्याच घालणार.”

“कोण काकू? तपकिरी कुत्र्यावाल्या?”

“त्याच. फार मायाळू. आमच्या सूनबाईंचा त्यांच्यावर जीव बसलाय. आणि बाळाला पहिल्यांदा मी घेणार, नर्सला सांगूनच ठेवलंय. दुसऱ्यांदा काकू. तुम्हाला फोटो पाठवू की! बाळाला दाखवू अधूनमधून, म्हणू ही तुझी कुत्रीवाली आजी.”

मागून कुणीतरी खोकलं. तू होतीस?

मी फोन ठेवला आणि अंगाचा नुसता तिळपापड झाला. सासू एक वेळ समजू शकते, तिचं घर आहे. पण काकू? तपकिरी कुत्र्याची काकू माझ्या नातवंडाला अंघोळ घालणार? ती कोण लागते तुझी? तू तापानं फणफणली होतीस तेव्हा कुठं होती ही काकू?

मी उद्याच्या गाडीनं निघतेय. मुकादम म्हणाला, सुट्टी नाही. मी म्हटलं, मग चादरींची दुसरी टोकं तूच धर. दिली सुट्टी. पिल्लं आणि काजळी चादरवालीकडे ठेवतेय. तिला औषध दाखवलंय, वजनाप्रमाणे किती ते बाटलीवर रेघा मारून दिलंय. ती म्हणाली, “जातेस ते बरंच. पण चुकलं म्हणणार आहेस का?”

“म्हणणार नाही.”

“मग उंबऱ्यातूनच परत येशील.”

बघू कोण परत पाठवतं. हे पत्र माझ्याआधी पोचलं तर दार उघडं ठेव.

– आई


२ एप्रिल, बुधवार, दुपार

पोरी,

तुझ्या खाटेशेजारी बसून लिहितेय. औषधाच्या गोळ्यांची खोकी उलगडून त्यांच्या पाठी घेतल्यात, मोठा कागद मिळाला नाही. तू झोपली आहेस, तोंड उघडं टाकून, अगदी लहानपणीसारखी. बाळ पाळण्यात आहे. तुझी सासू पलीकडच्या खुर्चीत डुलकी काढतेय. आज काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. तू आत होतीस, बाहेरचं मी सांगते. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगितलेलं बरं.

मी आले त्या दिवसापासून तू बघतच होतीस. आम्ही दोघी एकमेकींना ‘चहा घेता का’, ‘घेते’, यापलीकडे बोललो नाही. रोज सकाळी मी ठरवायचे की आज म्हणून टाकू, चुकलं. जिभेवर यायचं. तोंडात गोळी धरून बसलेल्या कुत्र्यासारखं व्हायचं माझं. गिळवतही नाही आणि थुंकायचीही सोय नाही. ती समोर आली की मी म्हणायचे, “कापसाचे कान साफ करायला हवेत.” मग कान साफ करायचे.

आणि शेजारच्या काकू! पहिल्याच सकाळी बघायला गेले मी, म्हटलं कोण ती मायाळू बाई बघू तरी. दाराला कुलूप. खालच्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, “त्या होय? त्या मुलाकडे गेल्यात कुत्र्याला घेऊन. महिना होत आला. पावसाळ्याशिवाय येत नाहीत.”

तेव्हा मी जिन्यात बसले. मला हसू आलं आणि रागही आला. बाई माझीच विद्या माझ्यावर चालवत होती! रिकाम्या घराला काकू करून समोर बसवलं आणि तुकडा तिच्या तोंडापाशी नेला. आणि मी, कुत्री पाळत आलेली बाई, तोंड उघडून थेट गाडीत बसले. तुला बोलले नाही. तूही त्यात होतीस. तो खोकला तुझाच होता.

वर जाऊन जाब विचारायला हवा होता. नाही विचारला. विचारला असता तर ती म्हणाली असती, मग जाता का परत?

आज सकाळी तुला आत नेलं. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघी. जावईबापू येरझाऱ्या घालत होते. तू एकदा ओरडलीस तेव्हा तिनं माझा हात धरला. घट्ट, बांगडी रुतेपर्यंत. मी काढून घेतला नाही. तिचा हात घामानं थंडगार होता. म्हणाली, “मला मुलगी नाही हो. मुलगी ओरडली की काय करायचं असतं?” मी म्हटलं, “काही नाही. बसायचं.” मग आम्ही बसलो.

नर्स बाळाला गुंडाळून घेऊन आली. “मुलगी आहे. आजी कोण?”

दोघी उठलो.

नर्स म्हणाली, “एकीनं घ्या, दुसरीनं मग.”

तुझी सासू एक पाऊल पुढे झाली. हात पसरले. बाळाला लावले नाहीत, नुसते पसरून धरले आणि माझ्याकडे वळून बघितलं. अगदी शांत. म्हणाली, “तुम्ही घेताय, की मी घेऊ?”

पोरी, त्या क्षणी मला सगळं कळत होतं. ती काय करतेय, कुठून शिकलीय, कुणी शिकवलंय. दुसरा तुकडा माझ्या तोंडात होता आणि तिसरा नाकासमोर, पांढऱ्या दुपट्यात, जांभळ्या टाचा बाहेर काढून. कळूनसुद्धा उपयोग झाला नाही. मी म्हटलं, “चुकलं माझं, विहीणबाई. पाहुण्यांसमोर बोलायला नको होतं. द्या इकडे.” एका श्वासात, न चावता.

तिनं हात मागे घेतले. तुझी पोर माझ्या हातात आली. उकडलेल्या बटाट्याएवढं तोंड, आणि कपाळाला आठी. माझी आठी. माझ्या आईचीही अशीच होती.

मागून तुझी सासू म्हणते, “गेली बाई एकदाची.”

“काय गेली?”

“गोळी.”

जावईबापूंना काही कळलं नाही. आम्ही दोघी तोंडावर हात धरून हसत होतो. नर्स रागावली.

मग बाकावर बसून कामाचं बोललो. कापसाला पुढच्या गोळीला कुणीतरी समोर बसायला हवं, काकूंचा तपकिरी काही दर वेळी नसणार. तिनं चिमटी मागितली. मी म्हटलं, देईन, पण सगळी औषधं संपल्यावर. आणि घरात रांगतं मूल असणार, तेव्हा दोघांच्या गोळ्या चुकवून चालणार नाही. तीन-तीन महिन्यांनी मी स्वतः येऊन देत जाईन. ती म्हणाली, “आता मलाही जमतं हो द्यायला.” मी म्हटलं, “तुम्हाला जमत नाही.” तशी ती म्हणाली, “खरंच, नाहीच जमत.”

बाई चांगली आहे. हे मी लिहिलंय असं तिला सांगू नकोस.

पण सगळं मिटलं असं समजू नकोस. ती बाळाला घेते तेव्हा बाळ गप्प होतं आणि मी घेतलं की रडतं, हे मी दोनदा बघितलंय. माझ्या हाताला औषधाचा वास येत असेल. पोटात कळ येते अजून. येणारच. सगळे जंत एका गोळीत मरत नाहीत.

आता तू उठशील. घसा कोरडा पडला असेल. उठल्या उठल्या ‘आई’ म्हणून हाक मारशील. दोघी ‘ओ’ देऊ. हाक कुणाला मारली होतीस ते सांगू नकोस, एवढंच कर.

पाण्याची बाटली मी आधीच माझ्या बाजूला घेऊन ठेवली आहे.

– आई